इंजिन गार असताना

मामा म्हणाला, पहाटे जाऊ. इंजिन गार असताना.
दुपारी सगळ्याच गाड्या गोड बोलतात.

उणे सत्तावीस. दा खुरीच्या बाजारात
विकणारे पत्र्याच्या डब्यात कोळसा पेटवून बसलेले,
काचांवरच्या हिमात बोटाने लिहिलेल्या किमती.
मी पांढरी प्रियस हेरून ठेवली होती फोनवर, आठवडाभर आधी.
फोटोत तिच्यावर ऊन होतं.

मामाने आधी हातमोजा काढला, तळवा बॉनेटवर ठेवला,
तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसा.
कोमट.
'आम्ही यायच्या आधी हिला उठवली कुणी?'
लुव्सान, विकणारा, स्वतःचे बूट बघू लागला.
'थंडीत जरा कुरकुरते, म्हणून.'
'कुरकुरच ऐकायला आलोय,' मामा म्हणाला,
आणि ती निवेपर्यंत आम्ही समोरच्या टपरीत
दीड तास खारा चहा पीत बसलो.

मामा जिग्मेद. एकतीस वर्षं रशियन ट्रक,
एकदा गोबीच्या मधोमध एकट्याने गिअरबॉक्स उतरवलेला.
यंत्रावर त्याचं प्रेम नाही. विश्वास तर नाहीच.
खिशात फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक, जुन्या स्पीकरमधलं,
ते तो दारादारावर लावत गेला.
टक्. टक्. टक्.
मागच्या डाव्या दारावरून घसरलं, बर्फात पडलं.
'इथे पत्रा नाही. पुट्टी.'
मला उगाच वाटलं
माझंच काहीतरी सापडलं त्याला.

मग सीटबेल्ट, पार शेवटपर्यंत ओढून,
जिथवर कुणी कधी ओढत नाही.
पूर येऊन गेला असेल तर तिथे चिखलाची रेघ राहते.
नव्हती.
ब्रेकच्या पेडलचं रबर एका कडेला गुळगुळीत.
मीटर म्हणत होता चौऱ्याऐंशी हजार.
'आकडा फिरवता येतो, रबर नाही. दोन लाख तरी पळालीय.'
मागची सीट उचलून त्याने बॅटरीच्या पंख्यात बोट घातलं,
निघाले कुत्र्याचे केस, आखूड, पिवळसर.
कुठल्या कुत्र्याचे?
आमच्याकडे कुत्रं गाडीमागे धावतं.

मग तो सत्तरीचा माणूस बर्फात पाठीवर आडवा झाला.
नुसते बूट बाहेर. बराच वेळ काही बोलेना.
'तेल गळतंय का?' मी विचारलं.
'मीठ,' खालून आवाज आला.
'ही समुद्राकाठी राहिलेली आहे.'

समुद्र.
आमच्या देशाला चारी बाजूंनी जमीन.
मीही वाकले. टॉर्चच्या उजेडात
तांबूस पापुद्रे, एकावर एक, नखाने सुटणारे.
एक जिभेला लावून बघावासा वाटला.

'चला, घोडामैदान जवळच आहे,' मामा म्हणाला.
बटण दाबलं. ती खरंच कुरकुरली,
शहारली, मग शहाण्यासारखी चालू झाली.
आणि आतून एक बाई बोलली. जपानीत. एकच वाक्य, फार नम्र.
मामाने दचकून मागच्या सीटवर पाहिलं.
'ही कोण?'
'गाडीबरोबर येते,' लुव्सान म्हणाला. 'बंदच होत नाही.'
नकाशाच्या पडद्यावर आमचा बाण
भर निळ्या पाण्यात उभा होता.

बारा लाख तुग्रुग कमी झाले.
पुट्टीचे चार, पेडलचे सहा, मिठाचे दोन.
बाईचे काही नाहीत.

आईने चाकांवर दूध शिंपडलं,
ते ओघळायच्या आत गोठलं.
आता रोज सहाला निघते, नालाइखच्या शाळेत, गणित शिकवायला,
आणि रोज ती तेच वाक्य म्हणते.
जपून जा, असं असेल, मी समजत होते.
ओसाकाला चार वर्षं राहून आलेल्या सहकारी बाईंनी अर्थ सांगितला:
कार्ड घातलेलं नाही.
तिकडच्या टोलचं कसलंसं कार्ड.
तरी निघताना मी म्हणतेच, येते गं.

मामा फोन करतो. 'गंज पसरला का?'
'बघितलं नाही,' म्हणते.
खोटं. दर रविवारी टॉर्च घेऊन
मी बर्फात आडवी होते,
नुसते बूट बाहेर.